माझा दगड

मी मेल्याची बातमी मला माझ्या छत्रीने दिली.

दिवाळी उलटून गेली होती. पावसाळाभर तुटलेली वाट नुकती मोकळी झाली होती आणि मी आलापल्लीहून पायी माझ्या नोकरीच्या गावी परत निघालो होतो. पन्नासच्या दशकातली गोष्ट. चांदा जिल्ह्याच्या पार टोकाला, डोंगराच्या माथ्यावर माडियांचं ते लहानसं गाव, आणि तिथला मी एकटा शाळामास्तर. मी ब्रह्मपुरीकडचा, धानाच्या सपाट मुलखातला. तो चढ चढताना दर खेपेला मी, ज्याने माझी तिथे नेमणूक केली त्या साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असे. त्या दिवशीही करतच होतो.

गावाच्या शिवेवर दगडांची रांग होती. कुणी मेलं की त्याच्या नावाने तिथे दगड उभा करायचा, त्याचं सामान तिथेच ठेवायचं, आणि मग त्याला कुणी हात लावायचा नाही, अशी रीत. गावाचा इतिहास कुठे लिहिलेला नव्हता, पण पाटलाने पहिल्याच वर्षी मला ही रांग चालत चालत दाखवली होती. अर्धा जमिनीत गेलेला दगड म्हणजे इंद्रावतीपलीकडून आलेला पहिला माणूस. त्यापुढचा अस्वलाने फाडलेला. ही बाई देवीच्या साथीत गेली, तेव्हा गाव खालच्या ओढ्यावरून उठून वर आलं. हा कुण्या गोऱ्या साहेबाच्या शिकारीत हाका करायला वेठीला धरला, तो वाघाच्या तोंडी गेला. पाटील सांगत होता आणि मी उन्हात चुळबुळत हो हो म्हणत होतो.

आता रांगेच्या शेवटी एक नवा दगड दिसला. कोण गेलं बुवा, असं म्हणत जवळ गेलो. शेजारच्या खुंटावर एक काळी छत्री टांगलेली होती. तिच्या कापडाला पांढऱ्या दोऱ्याचे टाके होते. ते टाके मीच घातले होते. खाली माझा पितळी लोटा, माझं दुसरं धोतर, आणि शाळा भरली की मी ठणठण वाजवत असे तो लोखंडी तुकडा. मी माझ्याच दगडाला टेकून खाली बसलो. हसू नका. स्वतःची छत्री अशी टांगलेली एकदा बघा आणि मग बोला.

झालं होतं ते असं. पावसाच्या तोंडावर मी सुटीला निघालो, तेव्हा वाटेतल्या नाल्याला एकाएकी लोंढा आला. मी कसाबसा पलीकडे निघालो, पण छत्री आणि बोचकं वाहून गेलं. पुढे आलापल्लीच्या दवाखान्यात हिवतापाने मला झोपवलं, तिथून घरच्यांनी गावी नेलं. भर पावसाळ्यात डोंगरावर निरोप नेणारं कुणी नव्हतं. इकडे गावकऱ्यांना माझी छत्री आणि बोचकं खूप खाली, झुडपात अडकलेलं सापडलं. सामान सापडलं, माणूस नाही, म्हणजे माणूस गेला. त्यांनी माझ्या झोपडीतलं उरलंसुरलं आणलं आणि मला रीतीप्रमाणे मारून टाकलं.

धीर करून गावात शिरलो. ऐन सकाळ होती. बायका उखळात धान कांडत होत्या, बाप्ये ताडी उतरवून परतत होते. पाण्याची घागर घेतलेल्या एकीने मला पाहिलं आणि घागर तिथेच फुटली. ज्यांना मी बाराखडी घोकवली ती पोरं किंचाळत घराघरांत घुसली. मुसळं थांबली. "अरे, मी आहे! गुरुजी!" मी ओरडलो. भूत तरी दुसरं काय ओरडणार? लोक आणखी मागे सरले.

शेवटी पाटील आणि गायता, म्हणजे गावाचा पुजारी, दोघं लांबवर येऊन उभे राहिले. पाटलाला बाजारात शिकलेली आमच्याकडची बोली येत असे.

"काऊन आला, गुरुजी?" त्याने हात जोडले. "काई कमी पडलं काय तुले? डुक्कर देल्लं, ताडी देल्ली, लोटा ठेवला."

"पाटील, मी मेलोच नाही!"

"तसंच म्हणतेत सारे."

दोघांचं कुजबुजणं झालं आणि माझ्या जिवाचा निकाल एका कोंबडीच्या पिल्लावर सोपवला गेला. माझ्या तळहातावर तांदळाचे दाणे ठेवायचे आणि समोर पिल्लू धरायचं. त्याने दाणा टिपला तर मी जिवंत. नाही टिपला तर आल्या वाटेने परत जायचं, आणि पुन्हा त्या गावात पाऊल टाकायचं नाही. म्हणजे शाळाही संपली. हात पुढे करून मी उभा राहिलो. पिल्लू थरथरत होतं. पिल्लू इकडे बघे, तिकडे बघे, दाण्यांकडे काही बघेना. गायत्याने मान हलवायला सुरुवात केली.

तेवढ्यात माझी शेजारीण माणसं ढकलत पुढे आली. म्हातारी, एकटी बाई. तिचा एकुलता एक मुलगा काही वर्षांपूर्वी एका लाकूड-ठेकेदाराबरोबर बल्लारशाकडे गेला तो परतला नव्हता. त्याची काही खूणही सापडली नव्हती, म्हणून रांगेत त्याचा दगड नव्हता. मी तिला माय म्हणत असे, आणि माझ्या शेजारात राहून माझी बोली तिलाही थोडी येऊ लागली होती. तिने सरळ माझं मनगट धरलं आणि चाचपलं.

"गरम हाये," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

त्या हिसक्यात एक दाणा पिल्लाने टिपला की नुसताच खाली सांडला, यावर पुढे बरेच दिवस वाद चालला. पण त्या घडीला गावाने सुटकेचा श्वास टाकला. पोरं बाहेर आली. कुणी ढोल आणायला पळालं. मी जिवंत झालो होतो आणि मला इतका आनंद झाला की मी पाटलाला मिठी मारली.

म्हातारीने माझं मनगट सोडलं नव्हतं.

"गुरुजी," ती म्हणाली, "तिथी माहा पोरगा भेटला काय तुले?"

मला अर्थबोध होईना. पाटलाने हळू आवाजात सांगितलं, तिथी म्हणजे मेलेल्यांत. माझा दगड उभारताना तिने बुडाशी मुलाची कुऱ्हाड पुरली होती. 'तू शिकलेला हायस, त्याले हुडकून दे,' असं दगडाला सांगितलं होतं. त्या दिवशी तिने मुलगा गेला हे पहिल्यांदा मानलं, पोटभर रडली, आणि तेव्हापासून तिने त्याच्यासाठी वाटेवर जाऊन बसणं सोडलं होतं.

"नाही गं माय, नाही भेटला," मी म्हणालो. "मी तिकडे गेलोच..."

तिने मला पुढे बोलूच दिलं नाही.

"नाई भेटला?" तिचा चेहरा उजळला. ती गर्दीकडे वळली. "आयकलं काय? गुरुजी पाहून आला. तो तिथी नाई. माहा पोरगा जित्ता हाये!"

शिवेवर स्वतःचा दगड पाहून जेवढा हादरलो नव्हतो तेवढा आता हादरलो. मी समजावलं, पाटलाने समजावलं, गायत्याने समजावलं. पण मेलेल्यांतून परत आलेला माणूस मीच, आणि नाही भेटला हे माझ्याच तोंडचं. ती खणायची काठी घेऊन शिवेकडे गेली आणि गंज चढलेली कुऱ्हाड घेऊन परतली. दुसऱ्या सकाळी तिने कुऱ्हाडीला नवा दांडा बसवला आणि चुलीवर दोघांची आंबील ठेवली.

मी त्या गावात होतो तोवर तो आला नाही. त्याच्या वाट्याची आंबील ती रोज संध्याकाळी माझ्याकडे आणून देई, आणि मी ती पीत असे.