मिस्त्रीण वहिनीचे डोहाळे

आमची वहिनी ट्रकवाल्यांना ‘बे’ म्हणायची. चौसाळ्याच्या अलीकडे, हायवेच्या कडेला माझ्या दादाचं पंक्चरचं दुकान. लग्न होऊन आली तेव्हा ती फक्त डबा घेऊन जायची. वर्ष सरायच्या आत तिनं पदर खोचून टायर उचकटायची टामी हातात घेतली. एका आडदांड ड्रायव्हरनं मस्करीत विचारलं, ‘‘बाई, जमंल का तुमाला?’’ वहिनी टायरवर पाय देऊन म्हणाली, ‘‘तुला न्हाई उचलायचं बे, टायर उचलायचाय.’’ तेव्हापासून ती सगळ्यांची मिस्त्रीणबाई झाली. आईला ते नाव अजिबात पसंत नव्हतं. ‘‘लाज न्हाई, शरम न्हाई, काय बाई ही!’’ असं म्हणायची, आणि संध्याकाळी वहिनीनं आणलेली जिलेबी मात्र गुपचूप खायची.

पंक्चर शोधायचं म्हणजे हवा भरलेली ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात दाबायची आणि बुडबुडा कुठून येतो ते बघायचं. वहिनी माणसांशीही तशीच वागायची. कुणी तोंड पाडून बसलं की, ‘‘बोल की, कुठून हवा चाललीय?’’ बारावीला माझा गणिताचा पेपर गेला, ते मी पहिल्यांदा तिलाच सांगितलं. तिनं रात्री जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं. वर म्हणाली, ‘‘आता वन्संला काय बोलायचं ते मला बोला. म्या ऐकून घेती.’’ दादा आणि आई तिच्यावर ओरडले, आणि मी निवांत भाकरी खाल्ली. पुढं मी पास झाले, शिकले, शिक्षिका झाले. खोटं बोलणं तिला जमायचंच नाही, असं मी तिच्याबद्दल छातीठोकपणे सांगायची.

ट्यूबवर पट्टी चिकटवायला सोल्युशन लागतं, झणझणीत वासाचं, डिंकासारखं. ट्यूब कानशीनं घासायची, सोल्युशन लावायचं, जरा सुकू द्यायचं. डब्याचं झाकण निघालं की वहिनी डोळे मिटून एक खोल श्वास घ्यायची. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पेट्रोलचा वास आवडणारी माणसं काय कमी आहेत? दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती डबा नाकाशी धरून बसायला लागली. ‘‘लई हलकं वाटतंय वन्सं,’’ म्हणायची आणि कारण नसताना हसत सुटायची. आम्हीही हसायचो.

मग तिला दिवस गेले. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी गेले, त्यामुळं घरात तिला जमिनीवर पाय ठेवू देईनात. पण उलट्या अशा सुरू झाल्या की पाणीसुद्धा टिकेना. फोडणीचा वास आला तरी ती परसात धावायची. एकच वास तिला चालायचा, सोल्युशनचा. आई म्हणाली, ‘‘डोहाळे हायेत तिचे. कुणाला माती खावी वाटती, कुणाला राख. डोहाळे मारले तर लेकराची लाळ गळती जलमभर.’’ दादानं जरा काचकूच केलं, तर आईनं त्यालाच झापलं. दुकानातून सोल्युशन घरी येऊ लागलं. आई स्वतःच्या हातानं चिंधीवर थोडं ओतायची आणि वहिनीच्या उशाशी ठेवायची. कधी आई शेतात गेली तर चिंधी मी द्यायची. सुनेचे एवढे लाड करणारी सासू म्हणून गल्लीत आईचं नाव झालं.

डोहाळजेवण थाटात झालं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा, सगळं. पालथ्या वाट्यांचा खेळ तर तुम्हाला माहीत आहेच, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. शेजारच्या काकूंनी गंमत म्हणून तिसरी वाटी मांडली. वहिनीनं नेमकी तीच उचलली आणि खाली निघाली सोल्युशनची छोटी ट्यूब. अगं बाई, काय हशा पिकला! ‘‘मिस्त्रीणबाईला मिस्त्रीच होणार!’’ कुणीतरी ओरडलं. वहिनीनं ट्यूबचा मुका घेतला. पोट धरून हसणाऱ्यांत मीही होते. आता ते हसू आठवलं की तोंड कुठं लपवावं कळत नाही.

तिचं खरं तर तेव्हाच बिघडलेलं होतं. नाकाभोवती चट्टे उठले होते. पोट तेवढं पुढं, बाकी अंगावर मांस नव्हतं. चालताना झोक जायचा, हातांना मुंग्या यायच्या, छातीत धडधडतंय म्हणायची. चिंधी सुकली की चिडायची, आणि एकदा तर तिनं आईच्या अंगावर तांब्या फेकला. ‘‘पयलटकरीण हाय, व्हतंच तसं,’’ आई म्हणायची. गरोदर बायकांची चौकशी करायला येणाऱ्या आशाताई घरी येऊन विचारायच्या, तंबाखू खाती का, मिसरी लावती का? आई छाती फुगवून सांगायची, ‘‘आमच्या घरात तसलं काय न्हाई.’’ आणि ते खरंही होतं. वासाचं कुणी विचारलं नाही, आणि आम्ही आपणहून सांगितलं नाही. डोहाळे काय सांगायचे असतात?

आठव्या महिन्यात एके सकाळी ती मोरीतून उठेचना. पायात जीवच नव्हता. शेजाऱ्याच्या जीपमधून बीडला सरकारी दवाखान्यात नेलं, आणि तिथं लगेच बाळंत झाली. मुलगी. एवढीशी, ओंजळीत मावेल अशी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. ती सारखी थरथरायची, दूध ओढायची नाही, आणि रडायची ते इतकं चिरकं की ऐकवत नव्हतं. इकडं वहिनीच्या रक्तातले क्षार पार खाली गेलेले, हृदयाचे ठोके चुकत होते. डॉक्टरीणबाईंना कारण कळेना. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, ‘‘औषध पिलंय का हिनं?’’ आपल्याकडं औषध पिणं म्हणजे काय ते सांगायला नको. आई ताडकन म्हणाली, ‘‘न्हाई वो म्याडम! माळकरी घर हाय आमचं.’’ आणि पलंगाआडून माझा हात दाबला. गप बस म्हणून.

कारण काय ते आईला तोपर्यंत कळलेलं होतं. मलाही. दादाला तर आधीच शंका होती. तो बाहेर व्हरांड्यात भिंतीला डोकं टेकून उभा होता. आणि वहिनी, सगळ्या हायवेला ऐकवणारी आमची वहिनी, भिंतीकडं तोंड करून पडली होती. डॉक्टरीणबाईंनी तिला तीनदा विचारलं. तिनं नुसती ‘नाही’ म्हणून मान हलवली. खोटं बोलणं तिला जमायचं नाही म्हणत होते ना मी? त्या दिवशी ते तिलाही जमलं. शरमेनं माणूस कसा मुका होतो, ते मी तिथं पाहिलं.

मग शेजारच्या खोलीतून ते चिरकं रडणं पुन्हा सुरू झालं. वहिनी कोपरावर उठून बसली. सलाइनची नळी ताणली गेली. ‘‘म्याडम,’’ ती म्हणाली, ‘‘म्या सुलेशन हुंगत हुते. पंक्चरचं. रोज. दिवसातनं लई डाव.’’ वॉर्डातल्या बायका वळून बघायला लागल्या. आई रडवेली होऊन म्हणाली, ‘‘डोहाळे हुते वो तिचे!’’

डॉक्टरीणबाई ओरडतील असं मला वाटलं होतं. त्या स्टूल ओढून बसल्या. म्हणाल्या, ‘‘डोहाळे नाहीत आजी, नशा आहे ती. आईनं श्वास घेतला की ते रक्तातून बाळालाही जातं. बाळ वाढत नाही, लवकर जन्मतं, मेंदूला धक्का पोचू शकतो. सगळं त्यानंच झालं असं मी म्हणत नाही. पण आता बाळ का थरथरतंय, तिकडं कसं बघायचं, हे मला कळलं. हिच्या पायातली ताकदही त्यानंच गेली असणार.’’ वहिनीला क्षारांच्या सलाइन लावल्या. जाता जाता त्यांनी विचारलं, ‘‘हे घरात कुणाकुणाला माहीत होतं?’’

कुणाला माहीत नव्हतं? झोपाळ्याभोवती बसलेल्या सगळ्या गल्लीला माहीत होतं.

बाळी वाचली. पण मान उशिरा धरली, बसली उशिरा, चालली त्याहून उशिरा. डोकं लहानच राहिलं. शब्द अजूनही एकेक गोळा करून बोलते. वहिनीचं सोल्युशन सुटणं हाही एक छळच होता. घाम, चिडचिड, हात थरथरणं. दुकानाच्या दिशेनं वारा आला तरी ती दार लावून घ्यायची. एकदा जाऊन हुंगून आलीही, आणि घरी येऊन स्वतःच सांगितलं, ‘‘आज म्या पुना केलं.’’ दादानं तिला शेजाऱ्याच्या जीपमध्ये बसवलं आणि डॉक्टरकडं नेलं. त्यानंतर मिस्त्रीणबाईनं दुकानाची पायरी चढली नाही. जुने ड्रायव्हर अजून विचारतात, मिस्त्रीणबाई कावून दिसना? दादा ‘लेकरात गुतलीय’ म्हणतो.

आईनं मात्र एक सोय करून ठेवली. बाळीकडं बघून कुणी विचारलं की ती सुस्कारा सोडून म्हणायची, ‘‘गिऱ्हान पाळलं न्हाई. गिऱ्हानात भाजी चिरली.’’ लोक चुकचुकायचे. ग्रहण कसं इभ्रतदार कारण! त्यात कुणाचा हात नाही, कुणाचं नाव नाही. माझं लग्न झाल्यावर सासरी मीही तेच सांगितलं. शाळेत मुलांना ग्रहण म्हणजे नुसत्या सावल्या असतात असं शिकवणारी मी.

वहिनीनं ते कधी चालू दिलं नाही. नारायणगडाच्या जत्रेत पाहुणीनं हळहळून विचारलं, तेव्हा बाळीला कडेवर घेऊन म्हणाली, ‘‘गिऱ्हान नव्हतं, आत्या. म्या सुलेशन हुंगलं.’’ आई चार पावलं लांब जाऊन उभी राहिली. अंगणवाडीत गरोदर बायकांची तपासणी असली की वहिनी न बोलावता जाऊन बसायची. ‘‘पोरींनो, रॉकेल, थिनर, पेट्रोल, सुलेशन, कशाचाबी वास गोड लागला तर डॉक्टरला सांगा. सासूला न्हाई, डॉक्टरला. माझं लेकरू बघा आन सांगा.’’ बायका तोंडावर पदर घ्यायच्या. मी एकदा चिडून म्हणाले, ‘‘वहिनी, कशाला गं चव्हाट्यावर धुणी धुतेस? उद्या बाळीला कुणी चिडवलं तर?’’ ती म्हणाली, ‘‘म्हणून तर. दुसऱ्यानं सांगायच्या आदी म्याच सांगणार हाय तिला. तेवढंच भ्या वाटतंय मला, वन्सं. बाकी कुणाचं न्हाई.’’

यंदा पंचमीला मी माहेरी गेले होते. बाळीला पहिलीत घातलेलं, आणि शाळेत कुणीतरी तिला ‘सुलेशन’ म्हणालं होतं. तिनं घरी येऊन वहिनीला विचारलं, ‘‘आई, सुलेशन काय?’’ मी चुलीपाशी पुरणाची दिंडं करत होते, आई डाळ निवडत होती. आईनं घाईघाईनं म्हटलं, ‘‘काय न्हाई गं, खेळ जा.’’ वहिनी खाली बसली, बाळीच्या उंचीला. ‘‘तू माझ्या पोटात हुतीस तवा म्या एक वंगाळ वास घेत हुते, बाळे. त्यानं तुला तरास झाला. म्हणून तुला चालाया येळ लागला, बोलाया येळ लागतो. चूक तुझी न्हाई. माझी हाय.’’

बाळी वहिनीच्या नाकावर बोट ठेवून म्हणाली, ‘‘आता... नको घिऊ.’’

‘‘न्हाई घेत,’’ वहिनी म्हणाली आणि हमसून हमसून रडायला लागली. तिला असं रडताना आम्ही दवाखान्यातही पाहिलं नव्हतं.

आईच्या हातातली डाळ खाली सांडली. माझी आई, जिनं इतकी वर्षं आभाळातल्या चंद्र-सूर्यावर सगळं ढकललं, ती भिंतीला धरून उठली आणि म्हणाली, ‘‘तिची एकटीची न्हाई गं, बाळे. तिला चिंधी म्या दिलती. ह्या हातानं.’’

बाळीनं आजीचा हात हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला. मग माझ्याकडं वळली. ‘‘आत्या, तू बी?’’

मी नाही म्हटलं असतं तर तिला कळलं नसतं. वहिनी काही बोलली नसती. मी पिठाचे हात पदराला पुसले.

‘‘हो बाळी,’’ मी म्हणाले. ‘‘मी बी.’’