चार बदकं आणि दिराची हळद

बदकं मी आणली, एवढं आधीच कबूल करून टाकते. दिवाळीच्या सुमारास तुळिंजच्या बाजारात एक माणूस टोपलीत पिल्लं घेऊन बसला होता आणि मी गेले होते उटणं आणायला. उटणं राहिलं. परत येताना मांडीवर खोकं, खोक्यात चार पिवळी पिल्लं आणि रिक्षात मी एकटीच वेड्यासारखी हसत होते.

आमची वाडी फुलांची. मी मात्र एव्हरशाईन सिटीत तिसऱ्या मजल्यावर वाढलेली. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण वाडीतलं एकही काम माझ्या नावावर नव्हतं. मी लावलेली मिरची जळायची, मी घातलेलं पाणी भलत्याच वाफ्यात जायचं आणि सासरे, म्हणजे आमचे बाबा, एक शब्द न बोलता मागून येऊन सगळं नीट करून जायचे. ते ओरडले असते तर परवडलं असतं. म्हणून ही बदकं माझी होती. त्यांनी अंडी घालायची आणि मी ती परातीत ठेवून घरभर मिरवायची, असा साधा बेत होता.

फाल्गुनापर्यंत पिल्लांची चांगली दांडगी बदकं झाली. तीन माद्या आणि शेपटीवरचं पीस वळलेला एक नर. अंड्याचा मात्र पत्ता नाही. मी मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून डोळे लाल केले. तिसऱ्यांची शिंपलं कुटून खाऊ घातली, जवळा घातला, खुराड्यात पेंढा अंथरला आणि पेंढ्यात पिंगपाँगचा चेंडू ठेवला, की बायांनो, हे असं असतं बघा. नराने तो चोचीने ढकलत ढकलत बाहेर काढला. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून चौघांची दृष्ट काढली. नवरा रोज चहा पिताना गंभीर चेहऱ्याने विचारायचा, की आज ऑम्लेट किती जणांचं करतेस. एकदा मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही, पण संध्याकाळी माझं मलाच हसू फुटलं.

मग बाबांनी निकाल दिला. धाकट्या दिराचं लग्न वैशाखात होतं आणि हळदीच्या जेवणाला आमच्याकडे सामिष लागतंच. हळदीपर्यंत एक तरी अंडं दिसलं तर ठीक, नाहीतर चारही बदकं हळदीच्या टोपात. त्यांचं काही चुकत नव्हतं, वाडीत आयतं कोणी खात नाही. पण मला रात्री जेवण गेलं नाही. मी हाक मारली की ती चौघं ओळीने डुलत यायची, माझ्या पायात घुटमळायची. आणि खरं सांगायचं तर त्या टोपात त्यांच्याबरोबर माझीही अब्रू शिजणार होती.

हळदीला तीन दिवस उरले आणि बावखलाचा गाळ काढायला घेतला. बावखल म्हणजे वाडीतलं लहानसं तळं, शिंपायचं पाणी तिथलंच. लग्नघरात चिखल कशाला, असं सासूबाई म्हणत राहिल्या, पण पाणी तळाला गेलं होतं आणि बाबांना पावसाआधी केळींना गाळ हवाच होता. पंपाने उरलंसुरलं पाणी उपसलं. नवरा आत उतरून घमेली भरून देत होता, मी ती केळींच्या बुंध्याशी ओतत होते. चौथ्या घमेल्यातून काहीतरी गोल माझ्या पायावर पडलं. मला बटाटा वाटला. चिखल पुसला तर अंडं.

पुढच्या घमेल्यात दोन निघाली. मग नवऱ्याने कोपरापर्यंत हात गाळात घातला आणि तो अंडी काढतच सुटला. एक फुटलं, असा काही वास सुटला की सासूबाई पदर नाकाला लावून पळाल्या, पळता पळता घसरून चिखलात बसल्या आणि बसल्या जागी पोट धरून हसायला लागल्या. मी दोन्ही हातांत अंडी घेऊन अक्षरशः नाचत होते. बदकं काठावर उभी राहून आमच्याकडे बघत होती.

घोळ आमच्याच चांगुलपणाचा होता. फुलं पहिल्या गाडीने दादरला जातात, म्हणून घर चारला उठतं. आणि बाबांचा नियम असा, की माणसं उठली की मुकं जनावर कोंडून ठेवायचं नाही. ते स्वतः अंधारातच खुराडं उघडायचे. बदकं अंडी घालतात उजाडताना, आणि त्या वेळी आमची बदकं मजेत पोहत असायची. दोन महिने अंडी गुपचूप तळाशी जात होती आणि आम्ही वर शिंपलं कुटत बसलो होतो.

बाबा मात्र हसले नाहीत. गाळातली अंडी कधीची, कोणाची, काय सांगावं, असं म्हणून त्यांनी ताजं अंडं मागितलं. मी म्हटलं, मग आठपर्यंत खुराडं उघडायचं नाही. त्यांना ते जिवावर आलं, पण ते कबूल झाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारपासून बदकांनी असा गोंगाट केला की लग्नाला आलेले पाहुणे अंथरुणात उठून बसले. आठला दार उघडलं, आत नुसता पेंढा; कोंडल्यामुळे बिथरून त्यांनी अंडी धरून ठेवली होती. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

हळदीच्या सकाळी आचारी सातलाच आला आणि मागच्या अंगणात सुरी घासत बसला. मी खुराड्यापाशी उभी होते, बाबा शेजारी. आठ वाजले. दार मीच उघडलं. बदकं माझ्या पायांवरून धावत बाहेर पडली. आत पेंढ्यात दोन अंडी होती, फिकट हिरवट, एकाला पीस चिकटलेलं. मी ती दोनदा मोजली. बाबांनीच वाकून एक उचललं. ते अजून गरम होतं. तळहातावर घेऊन त्यांनी ते उलटसुलट फिरवून पाहिलं, मग ते आचाऱ्याला म्हणाले, की कोंबड्या आणायला माणूस पाठवा.

मी सासूबाईंना मिठी मारली, नवऱ्याला चिमटा काढला, कोणाच्या तरी आत्याच्या पाया पडले. बाबा तिथेच उभे होते. सहा वर्षांत त्यांनी मला वाडीतली एकही गोष्ट विचारली नव्हती.

"उद्या किती वाजता सोडायची गं?" त्यांनी विचारलं.

"आठला," मी म्हटलं, आणि मग भरल्या अंगणात, लग्नाला आलेल्या सगळ्या बायकांसमोर, मला रडू आवरेना.