अवसेच्या दुपारची ओहोटी

चौथ्या ठिकाणचा आकडा माझा आहे, तिचा नाही. एवढं एक वाक्य मी तीन वर्षं कुणापुढे बोललो नाही. बायकोपुढे नाही, स्टाफरूममध्ये नाही, आणि जिच्या नावावर तो आकडा खपला तिच्यापुढे तर नाहीच नाही. मी मुळात कमी बोलणारा. लोक त्याला सभ्यपणा समजतात, आणि त्या समजुतीचा मी भरपूर फायदा घेतला आहे.

मी भिवंडीतल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. मुलांना इंटर्नशिप सक्तीची झाली तेव्हा आमच्या विभागाने विषय घेतला सागरी संवर्धन. समुद्र आमच्यापासून लांब आहे, पण खाडी जवळ आहे, तिच्यात भरतीचं पाणी चढतं, काठाला तिवरं आहेत, म्हणून ते नाव खपून गेलं. काम काय, तर चाळीस मुलं टेम्पोतून काठावर न्यायची, हातमोजे वाटायचे, बॅनर धरायचा, प्लास्टिक गोणीत भरायचं आणि फोटो काढायचे. एकदा एका मुलाने विचारलं, "सर, ये गोनी किधर डालने की?" मी म्हणालो, "राहू दे तिथेच, गाडी येईल." तिथे गाडी यायला रस्ताच नाही. भरलेल्या गोण्या तिवरांच्या मुळांत ठेवून आम्ही परत आलो आणि संध्याकाळी मी चाळीस सर्टिफिकिटांवर सह्या केल्या. पुढच्या वर्षी तिथे गेलो तर गोण्या उन्हाने फाटल्या होत्या. आम्ही तेच प्लास्टिक पुन्हा गोळा केलं.

खाडीची मला शिसारी येते. हे प्राणिशास्त्राच्या शिक्षकाने लिहू नये, पण आता लिहायचं आहे तर सगळंच लिहितो. ओहोटी लागली की गुडघाभर काळा चिखल उघडा पडतो. त्यात चिंध्या, कोंबड्यांची पिसं, साइझिंगची, म्हणजे सुताला लावायची, आंबलेली खळ, आणि वर जांभळट साय. तो वास नखांत राहतो. घरी जेवायला बसलो की घास तोंडाशी नेताना तोच आधी येतो. मी वर्षानुवर्षं काठावरच उभा राहून मुलांना आत पाठवलं, ते या वासामुळे.

ती मात्र आत गेली. नारपोलीची मुलगी. वडील पाणीपुरवठा खात्यात वॉलमन, घराच्या दोन्ही बाजूंना लूमचे कारखाने, त्यामुळे अभ्यास सगळा विहाराच्या अभ्यासिकेत केलेला. पहिल्या फोटोसेशननंतर हातमोजे परत करताना तिने मला विचारलं, "सर, फोटो झाले. काम कधी सुरू करायचं?"

बाकीची मुलं हसली. "हिला कासव पाहिजे, सर," कुणीतरी म्हणालं. "नाल्यातलं."

"कासव नको," ती म्हणाली. "निवट्या तरी मोजू."

निवट्या म्हणजे चिखलावर उड्या मारणारे मासे, आमच्याकडे कालवणात खातात. तिने खाडीवर सहा ठिकाणं ठरवली आणि प्रत्येक ठिकाणी ती ओहोटीलाच जायची. कारण साधं होतं. भरतीला जे पाणी दिसतं ते समुद्राचं, उसनं. खाडीचं स्वतःचं पाणी कसं आहे ते ओहोटीलाच कळतं. हे मीच वर्गात शिकवलं होतं. मी ते नुसतं शिकवलं होतं, तिने ते खरं मानलं.

पाण्यातला प्राणवायू मोजायची एक जुनी रीत आहे. बाटली काठोकाठ भरायची, जागेवरच त्यात दोन रसायनं सोडायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तळाला तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. तिने आणलेल्या पाच ठिकाणच्या बाटल्या कमीअधिक तपकिरी होत्या. चौथ्या ठिकाणची दुधासारखी पांढरी. म्हणजे त्या पाण्यात श्वास घेण्याजोगं काहीही नव्हतं. तिथे निवट्या शून्य, चिंबोऱ्यांची बिळं शून्य. तिने तीन वेळा जाऊन तीन बाटल्या आणल्या आणि माझ्या टेबलावर ओळीने ठेवल्या. तिन्ही पांढऱ्या.

चौथं ठिकाण म्हणजे दापोड्याच्या गोदामांमागचा नाला खाडीला मिळतो ती जागा. तिथले गाळे आमच्या संस्थेच्या सेक्रेटरींचे. त्यांतल्या एका गाळ्यात रसायनांची रिकामी पिंपं धुतली जातात, हे सगळ्या स्टाफला ठाऊक होतं.

तिचा कच्चा रिपोर्ट विभागात फिरला आणि सेक्रेटरींनी मला बोलावलं. रागावले नाहीत. चहा मागवला.

"सर, ती नारपोलीची पोरगी हुशार हाय म्हनतात."

"हो, साहेब."

"माझ्या गाल्यांमागचं पानी मेलंय, असं तिनं लिवलंय."

"एका ठिकाणचा आकडा तसा आलाय."

"पानी सगलीकडंच घान हाय, सर. मग यकट्या माझ्याच मागं कशाला?" ते हसले. "माझा आजा त्या खाडीत जालं टाकायचा. तुमाला सांगतो, भरतीला पानी घ्या. भरतीला खाडी साफ असतंय." मग कपात बिस्किट बुडवत म्हणाले, "हेडची जागा खाली होतेय ना तुमच्याकडं?"

त्यांनी मला खोटं लिहा असं म्हटलं नाही. तसं म्हणावं लागलं नाही, याची मला आज सगळ्यात जास्त किळस येते.

मी एकटा गेलो. दुपारी एक वाजता, भरती काठोकाठ असताना. पहिल्यांदाच आत उतरलो, कारण चिखल पाण्याखाली होता आणि वास कमी होता. बाटली भरली, रसायनं सोडली, तपकिरी साका बसला. आकडा चांगला आला. कॉलेजात येऊन मी तिला सांगितलं की तुझ्या बाटल्यांत चूक झाली, रसायन जुनं होतं.

तिने वही उघडून पाहिली. "पण सर, बाकीच्या पाच ठिकाणी तेच रसायन होतं ना?"

"तुला शंका काढायच्या आहेत की रिपोर्ट द्यायचाय?"

"मग मी परत जाते, सर. उद्या सकाळची ओहोटी आहे, कॉलेजच्या आधी होईल."

"गरज नाही. मी स्वतः जाऊन आलोय."

यावर तिचा चेहरा उजळला. सर स्वतः चिखलात उतरले म्हणून. "थँक्यू, सर," ती म्हणाली.

रिपोर्टाचा अंतिम तक्ता मी टाइप केला. 'ओहोटी' या रकान्यात चौथ्या ओळीला माझा आकडा घातला. आणि शेजारी तारीख, वेळ लिहिली, खरी तारीख, खरी वेळ. वीस वर्षं मुलांना बजावत आलोय की तारीख-वेळ नसलेली नोंद म्हणजे नोंदच नव्हे. खोटं लिहितानाही हात त्या वळणाने गेला. ती तारीख अमावास्येची होती, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी ठाण्यात फ्लॅटमध्ये वाढलेला माणूस. तिथीवरून भरती-ओहोटी ओळखायची मला कधी गरज पडली नव्हती.

छापलेला रिपोर्ट तिच्या हातात पडला तो सादरीकरणाच्या सकाळी. त्या दिवशी जिल्ह्यातल्या बऱ्याच कॉलेजांची मुलं आली होती. त्यातून दोघांना कोकणात समुद्रकाठच्या एका संशोधन केंद्रात सहा महिने काम मिळणार होतं. तिला ते हवं होतं, आणि मिळण्यासारखं होतं. ती छान बोलली. परीक्षक एक पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी तक्ता चष्म्याजवळ धरला.

"माझे वडील डोलीवर, मासेमारीला जायचे," त्या म्हणाल्या, "आमच्या घरात घड्याळ नव्हतं, तिथी होत्या. ही चौथी ओळ बघ. ही तारीख अवसेची. अवसेला दुपारी एकला खाडीत उधाणाची भरती असते. तू ओहोटी लिहिलीयस."

तिने तक्ता पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मी पुढच्याच रांगेत होतो. तिला काय झालं ते त्या क्षणी कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. पण मी बोलेन, याची ती वाट बघत होती, एवढं नक्की. मी मांडीवरच्या फायलीची दोरी सोडली आणि पुन्हा बांधली.

"मुली, त्या दिवशी तू तिथे गेली होतीस का?"

"त्या दिवशी नाही, मॅडम."

"मग आकडा कुठून आला?"

तिने हातातला रिपोर्ट मिटला. सरांचं नाव भर सभेत कसं घ्यायचं, असं तिला वाटलं असावं. बाईंनी रिपोर्टवर लिहिलं: आकडे प्रत्यक्ष घेतलेले नाहीत. मार्गदर्शक म्हणून त्याखाली मला सही करायची होती. मी केली. नुसती सही नाही. वर एक ओळ लिहिली: 'विद्यार्थिनीला समज देण्यात आली आहे.' कुणी मागितली नव्हती ती ओळ. ती लिहिताना माझं अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं. मला त्या अक्षराची आजही शिसारी येते.

आठवड्याने तिचे वडील आले, ड्युटीवरूनच, हातात वॉल फिरवायची लोखंडी चावी. ती त्यांनी दाराबाहेर भिंतीला टेकवून ठेवली.

"सर, पोरगी घरात काही बोलत नाही. ती खोटं लिहील असं वाटत नाही हो. तुम्ही तिला जवळून बघितलंय, तुम्हीच सांगा."

"वय असतं," मी म्हणालो. "मुलं घाई करतात. मनाला लावून घेऊ नका."

"तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असेल," ते म्हणाले आणि हात जोडून निघून गेले.

त्याच वर्षी मी हेड झालो. सत्काराला सेक्रेटरींनी नारळ दिला.

गेल्या महिन्यात ती मला नारपोलीच्या रिक्षा स्टँडवर भेटली. गळ्यात गोदामाचं ओळखपत्र. दापोड्याला पार्सलं स्कॅन करते. शेअर रिक्षात एकच जागा उरली होती. "सर, तुम्ही बसा, मला पुढची मिळेल," ती म्हणाली. मी बसलो नाही. रिक्षा गेली आणि आम्ही दोघं उभे राहिलो.

"सर, एक विचारू? चौथ्या ठिकाणी तुम्ही खरंच गेला होतात ना?"

"हो," मी म्हणालो.

हे खरंच होतं, म्हणून ते इतक्या सहज तोंडातून आलं. तिने मान हलवली. "मग तारीख टाइप करताना चुकली असेल, आणि माझ्याच बाटल्यांत काहीतरी असेल. मी उगाच तीन वर्षं डोकं खात बसले." मग जरा अडखळत म्हणाली, "यंदा परत अर्ज करतेय, सर. त्याच केंद्राला. जुन्या शेऱ्याबद्दल मार्गदर्शकाचं पत्र लागतं. द्याल का?"

"देतो. सोमवारी ये."

ती सोमवारी आली. मी रजा टाकून घरी बसलो होतो. त्यानंतर दोनदा येऊन गेली, असं शिपायाने सांगितलं. अर्जाची मुदत अजून संपलेली नाही.

तिच्या तिन्ही बाटल्या बरोबर होत्या. चौथ्या ठिकाणचं पाणी मेलेलंच होतं. भरतीला घेतलेला आकडा ओहोटीच्या रकान्यात मी घातला आणि दोष तिच्यावर पडू दिला. एवढं माझ्या हस्ताक्षरात, माझ्या सहीने, त्या केंद्राला आणि त्या परीक्षक बाईंना लिहून पाठवायचं आहे, आणि त्याची एक प्रत नारपोलीला तिच्या वडिलांच्या हातात नेऊन द्यायची आहे. हे मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.