सपाट गल्लीतला चढ

भूतखेत वगैरेंवर माझा कधीच विश्वास नव्हता. या वयात मला घाम फुटतो तो शुगरचा रिपोर्ट उघडताना. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय... पण लिहितो.

गेल्या वर्षी लालबागचे आमचे काका गेले. बाथरूममध्ये पडून खुबा मोडल्यापासून ते अंथरुणावरच होते. कोणी उचललं की एकच धोशा — "माका पाडू नकात रे!" तिरडी उचलताना काकी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "सांभाळ हां त्यांका." मी मान हलवली. मग डोक्यात तेवढंच राहिलं.

गल्ली अरुंद, म्हणून शववाहिनी नाक्यावर थांबलेली. तिथपर्यंत खांद्यावरून न्यायचं होतं. पुढे आतेभाऊ बंड्या आणि एक शेजारी, मागे मी आणि दुसरा शेजारी. भर सकाळ. गल्ली कॅरमबोर्डासारखी सपाट.

बंद मिलच्या भिंतीपाशी आलो आणि सगळा भार एकदम मागे आला. पावलं चढावर पडावीत तशी पडायला लागली.

"बंड्या, खाली घे ना! किती उंच धरतोयस?"

"मी कुठे उंच धरलंय? तूच बुटका आहेस!"

मुद्दा खरा होता. पण घरापासून तिथपर्यंतही मी तेवढाच बुटका होतो... मी दुसरा हातही बांबूला लावला. वाटलं, गेले काका खाली! मग क्षणभर भार सारखा झाला, आणि पायांखालून वाहत्या पाण्याचा आवाज आला. लगेच पुढून बंड्या कळवळला, "आई गं! मागून ढकलू नका रे!" भार आता पुढे गेला होता. टाचा रोवत, उतार उतरावा तसे आम्ही चौघे उतरलो — सपाट डांबरी रस्त्यावर!

काकांचे लहानपणचे मित्र डॉमनिक अंकल गाडीपाशी उभे राहून हे बघत होते.

"तिथे नाला होता रे. शिवडीच्या खाडीकडे जायचा. वर दगडी पूल, मधे उंच. खाली तुझा काका नि मी खेकडे पकडायचो. मग नाला बुजवला, पूल तोडला. तुम्ही जन्मला पण नव्हता." मग आमच्या पायांकडे बघत म्हणाले, "पूल चढतात ना... तसेच चाललात तुम्ही."

स्मशानातून परतताना आम्ही चौघे त्याच भिंतीजवळून पायांनी जमीन चाचपत गेलो. मागून स्कूटरवाला ओरडला, "ओ शेठ, काय हरवलं काय?" चढ नाही, उतार नाही. जाताना पूल होता, येताना नव्हता.

घरी काकीने विचारलं, "त्यांका तरास नाय मां झालो?"

"नाय," मी म्हटलं.

त्यापलीकडे मलाही अजून काही कळलेलं नाही.