पगारेंची गुराब

हे मी आजवर कुणापुढे बोललो नाही. बायकोपुढेही नाही, आणि ती तर त्याच खोलीत चहा आणून ठेवायची. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही पगारेंना ओळखत नाही. ओळखत असता, तर माझी हिंमत झाली नसती.

पगारे आणि मी मोजणी खात्यात आयुष्यभर बरोबर होतो. ते शेतावर जाऊन मोजायचे, मी कार्यालयात बसून नकाशे काढायचो. निफाडपासून सुरगाण्यापर्यंत कुठल्या बांधावर कुठला दगड आहे, हे ते कागद न बघता सांगायचे. निवृत्तीनंतरही लोक बांधाचे तंटे घेऊन त्यांच्याकडे यायचे. त्यांच्या आठवणीवर भांडणं मिटायची — विचार करा, केवढी गोष्ट आहे ही.

रविवारी सकाळी ते स्कूटरवरून पंचवटीत माझ्याकडे खेळायला यायचे. खेळ आरमाराच्या लढाईचा. पटावर कोकणचा किनारा. एकीकडे मराठ्यांच्या गुराबा आणि गलबतं, दुसरीकडे टोपीकरांची अवजड जहाजं. समुद्रापासून इतक्या लांब राहणारे दोन म्हातारे आरमारं लढवतायत — हसा, हसण्यासारखंच आहे. एक डाव दोन-दोन महिने चाले. तोवर पट माझ्या घरी, चादरीखाली मांडलेला असे.

पगारे मराठे, मी टोपीकर. त्यांची चाल ठरलेली, तरी मला कधी मोडता आली नाही. उघड्या समुद्रात लढायचंच नाही. उथळ खाडीत दबा धरून बसायचं, जिथे माझी जहाजं शिरू शकत नाहीत. वारा पडला, माझी शिडं लोंबकळली, की वल्ही मारत यायचं आणि मागून गाठायचं. माझ्या जहाजांच्या तोफा डाव्या-उजव्या कुशींना, मागे एकही नाही. नऊ वर्षं मी असा बुडत होतो. आणि जिंकल्यावर ते समजावून सांगायचे — देवरे, तुम्ही इथे घाई केलीत. चिडवलं असतं तर परवडलं असतं. ते समजावणं माझ्या डोक्यात जायचं. हे काय कारण झालं? नाही, कारण नाहीच हे.

एका बुधवारी दुपारी मी चादर उचलली. त्यांची सगळ्यात मोठी गुराब खाडीच्या तोंडाशी, उथळ पाण्यात उभी होती. मी ती बोटाने एक घर पुढे सरकवली. खोल पाण्यात. एवढंच केलं.

रविवारी मी तिला घेरलं. पगारेंनी तिच्यावर बोट ठेवलं. "मी हिला आत ठेवली होती," ते म्हणाले.

"नाही हो, मागच्या रविवारी तुम्हीच बाहेर काढलीत. चहा आला ना, तेव्हा."

तो चहा मला कसा सुचला? खोट्याला इतका बारीक पुरावा जोडायची अक्कल कुठून आली? पगारे म्हणाले, असेल. मी नऊ वर्षांत पहिल्यांदा जिंकलो आणि — हेही सांगायला हवं — मला मनापासून आनंद झाला.

वर्षभरात मी हे पाच वेळा केलं. सहा असतील.

मग वहिनींचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, फोन आला. "भाऊ, हे म्हणतात मला विसरायला होतंय. घरात तर मला तसं काही दिसत नाही. तुम्ही दर रविवारी बघता, तुम्हाला काय वाटतं?"

त्यांनी विचारलं होतं. दुसऱ्या कुणाला नाही, मलाच विचारलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी काय म्हणालो? होतंय थोडं, म्हणालो. दाखवून घ्या डॉक्टरांना. अगदी काळजीच्या आवाजात.

तपासण्यांत काही निघालं नाही. पगारेंना ते पटलं नाही. यंत्राला काय कळतंय, मी पटावर रोकडं बघतोय, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी स्कूटर पुतण्याला देऊन टाकली. निफाडचे दोन भाऊ द्राक्षबागेच्या हद्दीसाठी आले, तर त्यांना हात जोडले — आता माझ्या सांगण्यावर जाऊ नका. ते भाऊ आता कोर्टात भांडतायत. तो दगड ओढ्याच्या अलीकडे आहे, असं पगारे मला चाचरत म्हणाले होते. अगदी बरोबर होतं. नकाशा मीच काढलेला आहे.

त्या फोननंतर मी चोरून पटाला हात लावलेला नाही. त्याला दोन वर्षं झाली. काय उपयोग? जे सरकवायचं ते मी सरकवून बसलोय, आणि ते जागेवर कसं आणायचं हे मला कळत नाही. खरं सांगायला दर रविवारी तोंड उघडतो. दर रविवारी मिटतो.

गेल्या रविवारी त्यांचा मुलगा त्यांना रिक्षाने सोडून गेला. चादर काढण्याआधी त्यांनी डोळे मिटले आणि आपल्या एकूण एक जहाजाची जागा सांगितली. मी चादर काढली, मगच त्यांनी डोळे उघडले. एकही चूक नव्हती.

पगारे पटाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.

"मी सांगितलं तशी लावून ठेवलीत ना, माझं मन राखायला?"

मी नाही म्हणालो. त्यांनी माझा हात हातात घेऊन थोपटला. मी तो काढून घेतला नाही.