अनिलअण्णांच्या गाडीचा पट्टा

सोलापूरच्या भवानी पेठेत टॉवेल-चादरींचे ठोक व्यापारी पुष्कळ आहेत. पण टॉवेल सोडून जगातल्या बाकी सगळ्या विषयांचं ज्ञान असलेले व्यापारी म्हणजे एकटे अनिलकुमार. गिऱ्हाईक टॉवेलचा भाव विचारायला दुकानाची पायरी चढायचं आणि उतरताना त्याला मधुमेह, चांद्रयान आणि कर्नाटकातलं राजकारण एवढं सगळं कळलेलं असायचं. भाव तेवढा राहून जायचा.

तीन वर्षांपूर्वी, सेहेचाळीस पूर्ण झाल्याच्या मुहूर्तावर, त्यांनी पुण्याहून एक परदेशी मोटारसायकल आणली. जुनीच, पण ‘एका डॉक्टरनं दोन वर्षं फक्त रविवारी चालवलेली’. फक्त रविवारी चालवून या डॉक्टरनं दोन वर्षांत एकतीस हजार किलोमीटर कसे काय गाठले, हा हिशेब चांद्रयानाचा वेग तोंडपाठ असलेल्या माणसाला सुचला नाही.

या गाडीला चेन नव्हती. इंजिनाची ताकद मागच्या चाकाकडे न्यायला तिथं एक रुंद, काळा, दातेरी पट्टा होता. अनिलकुमारांचा सगळा जीव त्या पट्ट्यात. कुणी गाडीकडे नुसतं पाहिलं तरी ते खाली वाकून पट्टा दाखवत. चेन ही सायकलला असते. तेल नको, आवाज नको, देखभाल नको, जन्मभर बघायला नको, असं सांगत. बायको धनलक्ष्मी आपल्या जुन्या स्कूटरवरून शाळेत शिकवायला जायची. त्या स्कूटरला ते शिलाई मशीन म्हणत.

गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक त्यांच्या आईनं, काशम्मांनी, पहिल्याच दिवशी देवघरात नेऊन ठेवलं. दर दसऱ्याला त्याला विभूती लागायची, हळदकुंकू व्हायचं. ते उघडायचं मात्र कुणाच्या मनात आलं नाही. देवघरात गेलेल्या पुस्तकाचं साधारण असंच होतं.

गेल्या दिवाळीनंतर गाडी किरकिरायला लागली. अनिलकुमारांनी त्यालाही परदेशी गाड्यांचा ‘खास आवाज’ असं नाव देऊन टाकलं. त्याच सुमारास एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यातले फिटर रत्नदीप दुकानात आले. त्यांच्या कारखान्याच्या यंत्रमागावर डाग पडलेला माल परत न्यायचा होता. पन्नाशीचा, हडकुळा, मोजकं बोलणारा माणूस. वीस वर्षं मागांचे पट्टे आणि पुल्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. गाडीपाशी थांबून त्यांनी खाली उकिडवं बसून पट्ट्यावरून नख फिरवलं.

“अण्णा, दात्यांच्या बुडाला चिरा पडल्यात. आन् हितं खडी घुसून भोक झालंय. बदलून टाका.”

अनिलकुमारांनी त्यांना पाव तास समजावून सांगितलं की हा काही मागाचा पट्टा नव्हे. याच्या आत विमानात वापरतात तसले धागे असतात. बाबा रे, तू आपले टॉवेल बघ. रत्नदीपांनी शांतपणे चहा संपवला, टॉवेल उचलले आणि गेले.

कोपऱ्यावरच्या नवनाथचं मत मात्र अनिलकुमारांना पटलं, कारण ते त्यांच्याच मतासारखं होतं. नवनाथच्या गॅरेजवर ‘देशी-विदेशी सर्व गाड्यांचे तज्ज्ञ’ असा बोर्ड होता. आयुष्यात आलेली पहिली विदेशी गाडी त्याच्यासमोर आत्ता उभी होती. त्यानं पट्ट्यावर चेनचं तेल ओतलं. किरकिर दोन दिवस थांबली. तेलावर धूळ बसली, धुळीचा लेप झाला, आणि जन्मभर बघायला नको असलेला तो पट्टा आता खरोखरच बघवेना.

जानेवारीत रस्ता सुरक्षा सप्ताह आला. माळशिरसच्या एका कॉलेजात अनिलकुमारांचा भाचेजावई प्राध्यापक. प्रमुख पाहुणा ऐन वेळी आजारी पडल्यामुळे त्यानं मामांना बोलावलं. विषय होता ‘वाहनाची निगा, जीवनाची हमी’. धनलक्ष्मीनं एसटीनं जा म्हणून सांगून पाहिलं. पण वाहनावर बोलायला एसटीनं जाणं शोभणार कसं? गॉगल, कातडी जाकीट आणि भाषणाची अकरा पानं घेऊन ते सकाळीच निघाले.

वेळापूरच्या अलीकडे, उसाच्या एका ट्रॅक्टरला मोठ्या रुबाबात मागं टाकताना, खालून चाबूक ओढल्यासारखा आवाज आला. इंजिन गरजलं, गाडी मात्र मंदावत गेली आणि कडेला थांबली. अनिलकुमारांनी आधी पेट्रोल पाहिलं. मग टाकी हलवली. मग गियर टाकून इंजिन आणखी जोरात गरजवून पाहिलं. ज्या पट्ट्याकडे ते सगळ्या सोलापूरला वाकून बघायला लावत, तिकडे वाकून पाहायचं त्यांना काही सुचलं नाही.

तेवढ्यात मागं टाकलेला तो ट्रॅक्टर डुगडुगत आला. ट्रॉल्या रिकाम्या होत्या आणि मुकादमबाई केसरबाई पुढं बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “दादा, तुमचा पट्टा पडलाय की मागं.”

अनिलकुमारांचा हात चटकन कमरेवर गेला. पँट जागेवर होती.

“कमरंचा न्हाय वं. गाडीचा.”

शंभर पावलं मागं डांबरावर तो पडला होता, मेलेल्या धामणीसारखा. निम्मे दाते गेलेले, कडेचे धागे पिंजारलेले. केसरबाईंच्या माणसांनी गाडी उचलून रिकाम्या ट्रॉलीत चढवली. ती आडवी होऊ नये म्हणून तिच्यावर कुणीतरी बसायला हवं होतं, आणि मालकाइतका योग्य माणूस दुसरा कोण? अशा रीतीनं कॉलेजच्या फाटकात, वाहतुकीच्या नियमांचे फलक धरून दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांमधून, प्रमुख पाहुणे आले ते उसाच्या ट्रॉलीत, बंद मोटारसायकलवर, हेल्मेट घालून, हँडल घट्ट धरून. स्वागताच्या हलगीवाल्यांना काही विपरीत वाटलं नाही. ते वाजवत राहिले.

भाषण त्यांनी पूर्ण केलं, अकराच्या अकरा पानं. वेळच्या वेळी देखभाल करणाऱ्याचं वाहन कधीच दगा देत नाही, हे वाक्य नवव्या पानावर होतं आणि तेही त्यांनी गाळलं नाही. शेवटी शुभदा नावाच्या एका विद्यार्थिनीनं उभं राहून विचारलं, “सर, तुमच्या गाडीचा पट्टा किती किलोमीटरला बदलायचा असतो?” अनिलकुमार म्हणाले, प्रश्न उत्तम आहे. मग आभारप्रदर्शन झालं.

गाडी टेम्पोतून सोलापूरला परत आली. नवा पट्टा मागवला, तो मोठ्या सपाट खोक्यातून आला. खोकं दुचाकीवर मावेना, म्हणून अनिलकुमारांनी पट्टा बाहेर काढला, दुमडून त्याचा आठचा आकडा केला, सुतळीनं करकचून बांधला आणि धनलक्ष्मीच्या स्कूटरच्या सीटखाली कोंबून नवनाथकडे नेला. नवनाथनं चाक पुरतं सैल न करताच मोठा स्क्रू ड्रायव्हर घालून पट्टा पुलीवर चढवला, टायर चढवतात तसा. मग चाक मागं ओढून तो एवढा ताणला, की बोटानं छेडल्यावर टणत्कार यावा. ताणून बसवलेली वस्तू जास्त टिकते, यावर दोघांचंही एकमत होतं.

एकोणीस दिवस टिकली.

यावेळी सात रस्त्याच्या सिग्नलला, भर अकरा वाजता. एका रिक्षावाल्यानं पाय लावून गाडी घरापर्यंत ढकलत आणली आणि वाटभर अनिलकुमारांना इंजिन या विषयावर माहिती दिली. एखाद्याचं ऐकून घ्यायची वेळ अनिलकुमारांवर बहुधा पहिल्यांदाच आली असावी. उतरले तेव्हा त्यांचा चेहरा फार उतरला होता.

जेवताना ते म्हणाले की पट्टे हा प्रकारच फालतू; त्यापेक्षा तुझं शिलाई मशीन बरं, त्याला ही भानगडच नाही. धनलक्ष्मीनं ताटात भाकरी वाढली.

“माझ्या स्कूटरलाही पट्टाच आहे. आत, झाकणाखाली. दोनदा बदललाय मी, तुटायच्या आधी.”

बावीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिला हजार गोष्टी समजावल्या होत्या. ही एक तिला माहीत असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. काशम्मा सुनेकडे बघून हसल्या आणि मुलाला कानडीत म्हणाल्या, “होगली बिडो.” जाऊ दे रे. पण ते काही जाईना. कोण म्हणालं होतं बदला म्हणून, हे त्यांना नीट आठवत होतं, आणि त्या माणसाला काय उत्तर दिलं होतं, तेही.

चार दिवस त्यांनी काढले. पाचव्या दिवशी शिफ्ट सुटायच्या वेळी ते कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. रत्नदीप बाहेर आल्यावर काय बोलायचं याची त्यांनी तयारी केली होती, पण प्रत्यक्षात एवढंच निघालं: “रत्नदीप, तुम्ही म्हणाला होता तसंच झालं.” दिवाळीनंतर त्यांच्या तोंडी ‘तू’ होता, हे दोघांच्याही लक्षात आलं असणार. रत्नदीपांनी तुटलेला पट्टा हातात घेऊन फिरवला. एका जागी, सुतळीच्या घडीवर, तो आडवा तुटला होता. कागदाची घडी फाटते तसा.

“ह्यो तुटला न्हाय,” ते म्हणाले. “बसवायच्या आधीच मारलाय.”

रविवारी सकाळी रत्नदीप पाने-पक्कड घेऊन अंगणात आले. त्यांची एकच अट होती: गाडीचं पुस्तक असेल तर ते काढा आणि मला वाचून दाखवा, मागाचं मला येतं, या गाडीचं मला येत नाही. एवढ्या हुशार माणसानं ‘मला येत नाही’ असं सरळ म्हणावं, याचा अनिलकुमारांना धक्काच बसला. काशम्मांनी नमस्कार करून पुस्तक देवघरातून बाहेर काढलं. पानं हळदीनं चिकटली होती. पट्ट्याचं पान निघालं, आणि त्यात पहिलीच ओळ होती: पट्टा दुमडू नये, पिळू नये. दुसरी: तेल लावू नये. तिसरी: अवजार घालून चढवू नये. अनिलकुमार इंग्रजीतून वाचत, मराठीत सांगत आणि दर ओळीगणिक आवाज थोडा खाली आणत. जोत्यावर बसलेली धनलक्ष्मी अधूनमधून मोठ्यांदा वाचा म्हणायची.

रत्नदीपांनी मागचं चाक उतरवलं. पुढची पुली घासली, उन्हात धरली. दोन दात्यांना खडीनं धार आली होती. या धारेवर तिसरा पट्टाही कापला जाईल, म्हणाले. आधी पुली, मग पट्टा. दोन्ही येईपर्यंत तीन आठवडे गेले. तेवढे दिवस अनिलकुमार दुकानात जायचे ते शिलाई मशीनवर मागं बसून, पिशवी मांडीवर घेऊन. धनलक्ष्मी प्रत्येक खड्डा चुकवून चालवते, हे त्यांनी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. या निरीक्षणाबद्दल त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, हे विशेष.

यावेळी पट्टा खोक्यातूनच, टेम्पोनं आला. रत्नदीपांनी तो गोल ठेवूनच बाहेर काढला. चाक पुरतं पुढं सरकवून सैल बसवला, अवजार लावायची वेळ आली नाही. नवनाथनं दोन्ही बाजूंचे स्क्रू कमीजास्त आवळल्यामुळे चाक तिरपं राहिलं होतं. ते पट्टीनं मोजून सरळ केलं. मग दुकानातला माल तोलायचा स्प्रिंगचा काटा पट्ट्याच्या मधोमध अडकवला, पुस्तकात दिलेल्या वजनापर्यंत खाली ओढला आणि पट्टा किती वाकतो ते फूटपट्टीवर बघितलं. चाक थोडं फिरवून पुन्हा. आणखी फिरवून पुन्हा. सगळ्यात घट्ट लागला त्या जागी माप जुळवलं. चौथ्या वेळेला अनिलकुमारांच्यानं राहवेना. एवढं ढिलं कसं चालेल, म्हणाले. रत्नदीपांनी पुस्तकाकडे बोट केलं. अनिलकुमारांनी आकडा परत वाचला. बरोबर होता.

चाकाचे नट आवळून झाल्यावर रत्नदीप म्हणाले, एक चक्कर मारून बघतो. अनिलकुमारांनी किल्ली दिली, फार खुशीनं नाही. गाडी गल्लीतून गेली, आवाज नाही, किरकिर नाही.

दहा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. अनिलकुमार दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. शेजारचे सिद्रामप्पा विचारायला लागले, मेकॅनिक गाडी घेऊन गेला का? अनिलकुमारांनी त्यांना सांगितलं की मेकॅनिक नाही, फिटर. आणि विश्वासाचा माणूस आहे. हे वाक्य आपण बोललो याचं त्यांनाच नवल वाटलं, पण मागं घ्यावंसं वाटलं नाही.

सव्वा तासानं रत्नदीप आले. केस मागं उडालेले, डोळ्यांत पाणी, ओठ मिटलेले. पण वीस वर्षांत कारखान्यानं त्यांच्या तोंडावर जे पाहिलं नसेल ते हसू तिथं होतं.

“कुठवर गेला होता?”

“तामलवाडीपतूर.” ते उतरले, गाडी स्टँडवर लावली. “पट्टा नीट गरम करून बघायचा होता.”

“एवढा लागतो गरम करायला?”

“न्हाय,” रत्नदीप म्हणाले. “पण रस्ता लई चांगला हाय.”

आता पट्टा पुरता थंड झाल्याशिवाय पुन्हा मोजता येणार नव्हता. पुस्तकात तसं लिहिलं होतं. काशम्मांनी चहा ठेवला. दोघं जोत्यावर गाडीकडे तोंड करून बसले, आणि अनिलकुमारांनी रत्नदीपांना मागावरचा पट्टा कसा ताणतात ते विचारलं. रत्नदीप सांगू लागले. दोन वाक्यं झाली नसतील तोवर अनिलकुमारांनी मध्ये तोंड उघडलं, धनलक्ष्मीकडे पाहिलं, आणि बशीतला चहा ओठाला लावला.