बुडवलेला डोंगा आणि तीन गाड्यांची जागा

कार्तिकातला दुसरा रविवार, सकाळी आठ. स्थळ: आमच्या फाटकासमोरचा सिमेंटचा रस्ता. हजर: मी, माझे यजमान (हातात चहा, म्हणून अर्धेच हजर), समोरचे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले साहेब, कोपऱ्यावरचे औषधांचे दुकानवाले. गैरहजर: ज्याचा डोंगा (मासे धरायची लाकडी होडी) आम्ही त्या दिवशी तलावातून ओढून काढला तो. त्याला कोणी बोलावलंच नव्हतं.

भंडाऱ्याच्या टोकाला, तलावाला लागून आमची कॉलनी. प्रत्येक घराला पोर्च आहे आणि नकाशात तो गाडीसाठी दाखवला आहे. आमच्या पोर्चमध्ये वॉशिंग मशीन, धानाने भरलेले कट्टे आणि तुळस. साहेबांच्या पोर्चमध्ये झोपाळा, औषधवाल्यांच्या पोर्चमध्ये खोकी. त्यामुळे तिन्ही गाड्या रस्त्यावर. नऊ वाजले की ज्याला निघायचं तो हॉर्न वाजवतो आणि ज्याची गाडी आडवी तो नेमका अंघोळीला गेलेला असतो. मी कित्येकदा तव्यावर पोळी सोडून गाडी मागे घेतली आहे. यजमानांनी त्या करपलेल्या पोळ्या निमूट खाल्ल्या, कारण गाडी तशी त्यांनीच लावलेली असायची.

त्या रविवारी ठरलं की रस्ता जिथे तलावात उतरतो, त्या उथळ कोपऱ्यात मुरूम टाकायचा. तीन गाड्या आरामात बसतील. यादी मी केली: बेशरमाचं झुडूप तोडणे, फुटका पाइप उचलणे, बुडालेला मोडका डोंगा काठावर काढणे, मुरूम पसरणे.

डोंगा गुडघाभर पाण्यात, गोट्यांनी भरून तळाला बसलेला होता. "हे गोटे कुणी टाकले असतील?" मी विचारलं.

"पोट्टे टाकतात, दुसरं काय," साहेब म्हणाले. सगळी नोकरी पाण्यात गेलेला माणूस. मी विश्वास ठेवला.

मुरूम घेऊन आलेल्या ट्रॅक्टरलाच दोर बांधला आणि डोंगा ओढून भिंतीशी उन्हात ठेवला. त्यातले गोटे साहेबांनी पार्किंगच्या कडेला ओळीने लावले, वर चुना मारला. दुपारपर्यंत यादीतल्या चारही कामांवर माझी बरोबरची खूण झाली होती. संध्याकाळी आम्ही तिघांनी गाड्या शेजारी शेजारी लावल्या आणि उगाचच थोडा वेळ बघत उभे राहिलो.

चौथ्या दिवशी डोंग्याचा मालक आला. साठीच्या आसपासचा, काटक. कॉलनी नव्हती तेव्हापासून या तलावात मासे धरणारा. दिवाळीला लेकीच्या गावी गेला होता. त्याने डोंग्यावरून हात फिरवला. तळाला दोन भेगा पडल्या होत्या, एकीत माझं बोट गेलं असतं.

"हा कोन काढला जी पान्यातून?"

"आम्ही," मी म्हणाले. "बुडाला होता ना भाऊ."

"बुडाला नोता मॅडम. बुडवला होता."

"काहून?"

"लाकूड होय थे. पान्यात राह्यलं तं फुगून घट्ट राह्यते. उन्हात ठेवलं तं फाटते. गावाले जाचं होतं म्हनून गोटे भरून बुडवून ठेवला. वापस आलो तं तुमी पापडावानी वाळवून ठेवला."

मी साहेबांकडे पाहिलं. साहेब तलावाकडे पाहत होते.

मासेमारीचा खरा मोसम आता, होळीपर्यंत. पाणी उतरतं, मासा हाती लागतो, आणि त्याच्या घरचं वर्षभराचं त्यावरच चालतं. डोंगा नाही म्हणून तो दुसऱ्या दिवसापासून ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकायला लागला. कमरेखाली सगळा थंड पाण्यात. त्याची बायको कॉलनीत मासे विकायला येते. ती मला फाटकाशी म्हणाली, "सकाळी येते तं पाय लाकडावानी होऊन राह्यतात त्याचे. शेकोटीपाशी बसवलं तरी घंटाभर बोलत नाई." तिने मासे मोजून दिले आणि नेहमीसारखी झिंग्यांची एक मूठ वर टाकली नाही. ते मला लागलं.

मी कामाला लागले. कोंढा गावाकडे डोंगे करणारा मिस्त्री आहे असं कळलं. फोन केला तर तो धानाच्या चुरण्यात, म्हणजे मळणीत अडकलेला. "तोपर्यंत वल्ला ठेवा," एवढंच म्हणाला. मग मी डोंग्यावर ओली पोती टाकली आणि पाणी मारायची पाळी लावली: सोम-गुरू आम्ही, मंगळ-शुक्र साहेब, बुध-शनि औषधवाले, रविवारी जो घरी असेल तो. कागद फाटकाला चिकटवला. डोंग्याचा मालक येता जाता वाचायचा.

"मॅडम, हा डोंगा होय का सांभार?"

"का बरं?"

"रोज शिंपून राह्यले म्हनून इचारलो. उगवला तं एक जुडी मले बी द्या."

सांभार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. यजमान इतके हसले की त्यांचा चहा सांडला. साहेब मात्र पाळी चुकवायचे नाहीत. हातात पाइप घेऊन, कानटोपी घालून, डोंग्याला पाणी मारत उभे असायचे. माफी मागितली का म्हणून विचारलं तर म्हणाले, "हे काय करून राहिलो मग?"

काल मिस्त्री आला. भेगांमध्ये सूत ठोकलं, वर डांबर ओतलं, एका ठिकाणी पत्र्याची पट्टी मारली. उठताना म्हणाला, "आता दोन दिवसांत पान्यात टाका. लाकूड फुगलं तं सूत दाबून धरन. नाई तं हे सारं निंगून येते."

"टाकू की. तलाव समोरच आहे," मी म्हणाले.

मालकाने नकारार्थी मान हलवली. बाकी काठाला एका बाजूला बांधाचे दगड, दुसरीकडे कमरेइतका गाळ. गोटे भरून बुडवलेला डोंगा सपाट बसेल असा उथळ, टणक तळ फक्त एकाच कोपऱ्यात. त्या कोपऱ्यावर आमच्या तीन गाड्या उभ्या होत्या.

लगेच रस्त्यावरच बैठक घेतली. मुरूम काढायचा, यावर सगळ्यांचं एकमत. कधी, यावर मात्र नाही: साहेबांना नागपूरला जायचं होतं आणि औषधवाल्यांना रविवारच जमणार होता. रविवारला अजून चार दिवस. साहेब बसने गेले. गाडी मुरुमावर, किल्ली खिशात.

आज सकाळी मी आमची गाडी काढून परत रस्त्यावर लावली, यजमानांच्या हातात फावडं दिलं आणि मी घमेलं घेतलं. दुपारपर्यंत आमच्या वाट्याची जागा मोकळी केली. पाणी झिरपून घोट्यापर्यंत आलं आहे. मालकाने त्यात उभं राहून हातांनी माप घेतलं. "अर्दाच बसन जी," म्हणाला, आणि ट्यूब खांद्यावर टाकून गेला.

औषधवाल्यांना दोनदा फोन केला, दुकानात गर्दी आहे म्हणतात. साहेबांचा फोन लागत नाही. डोंगा भिंतीशी पोत्यांखाली आहे, उद्याचा एकच दिवस हातात आहे, आणि दोन गाड्यांखालचा मुरूम काढायचा बाकी आहे.